हॅरिएट पॉवर्सची गोधडी: आफ्रिकेची आठवण की स्वतःची नजर?

टाकेवाली: हॅरिएट पॉवर्स १८३७ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, गुलामीत जन्मल्या. बायबलमधल्या गोष्टींची त्यांची गोधडी १८८६ मध्ये तिथल्याच अथेन्स गावच्या जत्रेत मांडली होती. तेव्हा विकायला त्या तयार नव्हत्या. पुढे ओढगस्तीत पाच डॉलरला द्यावी लागली. वाचताना फार वाईट वाटलं. आता ती अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. कापडाची माणसं-जनावरं कापून वर टाचलेली. दाहोमीच्या, म्हणजे आजच्या बेनिनच्या, दरबारी कापडांवर अगदी हेच काम दिसतं. माझ्या मते हा आफ्रिकेचाच वारसा आहे.

रानजाई: पटत नाही. कापून टाचायचं काम युरोपातल्या बायकाही करत. अमेरिकेतल्याच अलाबामा राज्यातल्या जीज बेंड वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायकांच्या गोधड्या बघा. शेतात घालून विरलेल्या पँटी उसवून शिवलेल्या. खिसा काढला तिथे निळा रंग अजून गडद. ते गडद चौकोन कुठे बसवायचे हे त्या बाईनं ठरवलं. तिनं कधी न पाहिलेल्या खंडाला श्रेय का द्यायचं?

हळियाळकर: आमच्याकडे, कर्नाटकात, सिद्दी बायका कवंदी, म्हणजे गोधडी, शिवतात. बऱ्याच जणींचे पूर्वज पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेले आफ्रिकन गुलाम. कडेपासून आत शिवत जायचं, कोपऱ्यांना घडीची 'फुलं' लावायची. पण जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शेजारच्या बायकाही शिवतात. कोणाचं काय, हे मला तरी वेगळं काढता येत नाही.

टाकेवाली: मग अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनातल्या गुल्ला लोकांच्या, म्हणजे आफ्रिकन गुलामांच्या वंशजांच्या, गवती टोपल्या घ्या. गवताची जुडी वेटोळ्यानं शिवत नेतात. याच पद्धतीच्या पसरट टोपल्यांत भात पाखडायचे, आणि तिथल्या भातमळ्यांवर सेनेगाल-सिएरा लिओनकडचे, भातशेती जाणणारे लोक आणले होते. १९२५ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत अॅलन लॉक यांनी कृष्णवर्णीय चित्रकारांना आफ्रिकन शिल्पांकडे वळा म्हटलं, पण या बायकांना ते कोणी सांगावं लागलं नव्हतं.

रानजाई: टोपली मान्य. तिथे पीक, माणसं, हत्यार सगळं जुळतं. गोधडीत नाही. पॉवर्सबाईंनी चौकोनांचे अर्थ सांगून ठेवलेत. त्यात बायबल आहे, अमेरिकेतल्या घटना आहेत. आफ्रिका कुठेच नाही.

टाकेवाली: त्यांच्या दुसऱ्या गोधडीत १८३३ चा उल्कावर्षाव आहे. त्यांच्या जन्माच्या चार वर्षं आधीचा! तो त्यांनी फक्त ऐकला होता, तरी शिवला. मग ज्यांच्या तोंडून तारे पडल्याचं ऐकलं, त्यांच्या हातांकडे बघून कापड कापायला शिकल्या नसतील?