नवीन १२ बोअर पंप-अ‍ॅक्शन : रिकामं काडतूस चेंबरमध्ये धरून बसतं

रंकाळावेस
नमस्कार मंडळी. परवान्यावर नवीन १२ बोअर पंप-अ‍ॅक्शन बंदूक घेतली आहे. चेंबर (काडतूस बसतं ती जागा) ७० मिमी, नळीला सुटे चोक (छर्रे किती पसरतील ते ठरवणारे, नळीच्या तोंडाचे तुकडे). फोरएंड (नळीखालची सरकती मूठ) मागे-पुढे करताना खरखर लागते. रेंजवर बार काढल्यावर रिकामं काडतूस चेंबरमध्येच धरून बसतं, दोन्ही हातांनी ओढावं लागतं. डमी (दारू नसलेली) काडतुसं मात्र सुरळीत बाहेर येतात. व्हिडिओत सांगतात की दोन-तीनशे बार काढा, आपोआप मोकळी होते. खरं आहे का? आणि कोल्हापूरचा पावसाळा तोंडावर आहे, तेल कुठलं लावू?

करवीर_१२बोअर
तीनशे बारांचा सल्ला आपल्याकडे कामाचा नाही. वर्षाला किती काडतुसं घ्यायची हे परवान्यावरच लिहिलेलं असतं. शिवाय खरखर जायला बार लागतही नाहीत.

आधी बंदूक रिकामी आहे ना, हे बोट घालून बघा. चेंबर, लिफ्टर (काडतूस वर चढवणारी पट्टी) आणि मॅगझिन ट्यूबचं (नळीखालच्या काडतुसांच्या नळीचं) तोंड, तिन्ही ठिकाणी. पंपाच्या बंदुकीत चेंबर रिकामं दिसतं आणि ट्यूबमध्ये काडतूस बसलेलं असतं. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवूनच कामाला बसा.

मग कारखान्यातलं ग्रीस काढा. ते गंज धरू नये म्हणून थापलेलं असतं, वंगण म्हणून नव्हे. बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा ठोकळा) अर्धा मागे घेऊन मॅगझिन कॅप सोडवा, नळी पुढे ओढून काढा. ट्रिगर ग्रुपच्या आडव्या पिना पितळी पंचाने हलकेच ठोकून बाहेर घ्या. कुठल्या बाजूने निघतात ते माहितीपत्रकात बघा, मॉडेलगणिक फरक असतो. ट्रिगर ग्रुप अख्खाच ठेवा, त्याचे भाग सुटे करत बसू नका. रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या टर्पेंटाइनमध्ये बुडवून ब्रशने धुवा, सुकवा आणि फिरत्या भागांवर एकेक थेंब तेल द्या. पेट्रोल नको, भडका उडतो.

बोल्ट, दोन्ही अ‍ॅक्शन बार (फोरएंड बोल्टला जोडणाऱ्या पट्ट्या) आणि रिसीव्हरच्या (बोल्ट ज्यात सरकतो त्या धातूच्या खोक्याच्या) आतल्या खाचा पुसून कोरड्या करा, मग खाचांवर पातळ ग्रीसचा नुसता हात फिरवा. जोडून झाल्यावर डमी घालून दोन-तीनशे वेळा पंप करा, एका दिवसात नको. मध्ये एकदा पुसून बघा, काळपट तेल निघेल. तो धातूचा कीस. तो तसाच राहिला तर खाचा खरवडतो, म्हणून पुसून पुन्हा ग्रीस लावायचं.

शाहूपुरी_मेकॅनिक
भावा, व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट लावून पंप कर. इंजिनाचे व्हॉल्व्ह बसवतात तीच. तासाभरात लोण्यासारखी चालेल.

करवीर_१२बोअर
अजिबात नको. ती पेस्ट लॉकिंग लग आणि बॅरल एक्स्टेन्शनमध्ये शिरली की बोल्ट नळीशी जिथे घट्ट बसायचा तिथलंच माप जातं. ते परत भरून येत नाही.

पंचगंगा_घाट
मुख्य दुखणं अजून बाजूलाच राहिलं. डमी सुटतं आणि बार काढलेलं काडतूस अडकतं, म्हणजे अ‍ॅक्शन (सरकणारी यंत्रणा) बरी आहे. दोष चेंबरमध्ये किंवा काडतुसात. बार झाला की काडतुसाची टोपी (बुडाचा धातूचा भाग) फुगून चेंबरच्या भिंतीला टेकते. पितळ लगेच आकसतं, स्वस्त काडतुसांची लोखंडी टोपी तेवढी आकसत नाही. त्यात चेंबरमध्ये रीमरचे (चेंबर कोरायच्या हत्याराचे) बारीक ओरखडे राहिले असतील तर ती तिथे पकडते. पहिल्यांदा पितळी टोपीची काडतुसं वापरून बघा, बऱ्याचदा तिथेच विषय संपतो.

तरीही अडकलं तर नळी काढून लाकडी दांडीवर ०००० नंबरची स्टील वूल गुंडाळा, तेल लावा आणि संथ ड्रिलवर चेंबरमध्ये मिनिटभर फिरवा. फक्त चेंबरमध्ये, पुढे नळी अरुंद होते त्या उतारापर्यंत जायचं नाही. क्रोमचा मुलामा असेल तर हातच लावू नका. नंतर ब्रश आणि पॅच (कापडाचा तुकडा) घालून शेवटचा कीससुद्धा बाहेर काढा. यापलीकडे घासणं-कापणं परवानाधारक कारागिराकडेच.

हाताची सवयही बघा. पंप घाबरत-घाबरत ओढला की रिकामं काडतूस इजेक्टरपर्यंत (काडतूस बाहेर फेकणाऱ्या भागापर्यंत) पोचत नाही, पुढचं वर चढत नाही, आणि लोक बंदुकीला नावं ठेवतात. मागे टोकापर्यंत, पुढे टोकापर्यंत, दणक्यात. पण ट्यूबमधून एकदम दोन काडतुसं सुटत असतील तर तो शेल स्टॉपचा (ट्यूबमधली काडतुसं अडवणाऱ्या पट्टीचा) दोष, तो सरावाने जात नाही; दुकानदाराकडे परत न्या.

रंकाळावेस
लोखंडी टोपीचीच काडतुसं होती. पितळी घेतो. चोक आणि तेलाचं?

करवीर_१२बोअर
चोक काढून आट्यांवर ग्रीसचं बोट फिरवा आणि पूर्ण बसवा. सैल चोकवर बार काढला तर आटे जातात. चोकशिवाय तर कधीच नको.

पॅटर्न (छर्रे कसे पसरतात ते) रेंजवर बघा. ४० यार्ड, म्हणजे साधारण ३६.५ मीटरवर मोठा कागद, छर्रे पडल्यावर जिथे दाटी दिसेल तिथे ७६ सेंमी व्यासाचं वर्तुळ. सिलिंडर या मोकळ्या चोकला काडतुसातले ४० टक्के छर्रे आत यावेत, हाफला ६०, जास्त आवळलेल्या फुलला ७०.

तेल शिलाई मशीनचं चालतं, नळीत पातळ थर. खोबरेल नको, थंडीत गोठतं. मॅगझिन ट्यूब जवळपास कोरडीच ठेवा; तेल काडतुसाच्या प्रायमरमध्ये (दारू पेटवणाऱ्या बुडाच्या टिकलीत) शिरलं तर बार होत नाही.

पंचगंगा_घाट
पावसाळ्यात कापडी किंवा चामडी कव्हरमध्ये ठेवू नका, ओल धरून ठेवतं. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या, आणि दर आठवड्याला तेलाच्या फडक्याने पुसणं. बोटांचे ठसे उमटतात तिथूनच गंज सुरू होतो. निवडणुकीच्या आचारसंहितेत बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायला सांगितली तर जाताना नळीत आतून आणि बाहेरून नेहमीपेक्षा जाड तेल लावा. परत आल्यावर मात्र पहिल्या बाराआधी नळी कोरड्या पॅचने पूर्ण पुसून, उजेडाकडे धरून बघायची.