दंडाच्या पट्ट्यावरून हृदयाजवळचं बीपी कसं कळतं?

नाशिकची_आई:
मुलगा २० वर्षांचा, उंची सहा फूट दोन इंच, व्हॉलीबॉल खेळतो. फिटनेस सर्टिफिकेटच्या वेळी बीपी १४८/७० निघालं. घरच्या मशिनवरही वरचा आकडा १४० च्या खाली येत नाही. इको, किडनीची सोनोग्राफी नॉर्मल. मग डॉक्टरांनी 'सेंट्रल बीपी', म्हणजे हृदयाजवळच्या महाधमनीतलं बीपी, करायला सांगितलं. रिपोर्टात दंडाचं १४६/७०, सेंट्रल १२३/७१. आत्ता गोळी नको म्हणाले. पट्टा दंडालाच होता, मग छातीतला आकडा आला कुठून? मुलगा म्हणतो, पट्टा दोनदा फुगला, दुसऱ्यांदा अगदी हलका. या आकड्यावर विसंबून राहायचं तर तो कसा येतो हे मला समजायला हवं.

कॅथलॅब_पुणे:
ताई, मी कॅथलॅबमध्ये (धमनीतून नळी घालून हृदय तपासतात तिथे) टेक्निशियन आहे. तो दुसरा हलका पट्टा हीच खरी तपासणी. खालच्या आकड्याच्या आसपास हवा भरून मशिन काही सेकंद थांबतं आणि दर ठोक्याला धमनी फुगते-बसते त्याची लाट टिपतं. त्या लाटेवरून महाधमनीतली लाट गणिताने काढतात. काही मशिनं उलट करतात, वरच्या आकड्याच्याही वर हवा भरून लाट घेतात.

फरक मात्र खरा असतो. तरुण पेशंटचा कॅथेटर (दाब मोजणारी ती बारीक नळी) महाधमनीतून मागे ओढत दंडात आणला की मॉनिटरवर डोळ्यांदेखत लाटेचा माथा उंच आणि टोकदार होतो. खालचा आकडा जवळपास तोच राहतो. पुढच्या बारीक धमन्यांवर आपटून लाट परतते, ती दंडात माथ्यावरच चढते. लवचिक महाधमनीत ती उशिरा पोचते, तोवर माथा उतरलेला असतो. वय वाढून महाधमनी कडक झाली की लाट लवकर परतते आणि हा फरक कमी होतो. उंच, खेळाडू मुलांत तो जास्त दिसतो.

कच्चा दुवा वेगळाच आहे. पट्ट्यातून लाटेचा आकार मिळतो, उंची मिळत नाही. ती त्याच पट्ट्याने आधी घेतलेल्या बीपीवरून लावतात. धमनीतल्या प्रत्यक्ष दाबाशी ताडलं तर पट्टा वरचा आकडा बहुधा कमी आणि खालचा जास्त दाखवतो. ती चूक सेंट्रलमध्येही उतरते. अशा मशिनांसाठी आर्टरी सोसायटी या धमन्यांवर काम करणाऱ्या संस्थेचे २०१७ चे निकष आहेत: कॅथेटरशी सरासरी फरक ५ मिलिमीटरच्या (पाऱ्याच्या, बीपीच्याच मापात) आत आणि प्रमाण विचलन, म्हणजे फरकातला चढउतार, ८ च्या आत हवं. तुलनाही नीट केलेली हवी: कॅथेटरच्या ट्रान्सड्यूसरच्या (दाब टिपणाऱ्या सेन्सरच्या) नळीत एक बुडबुडा राहिला तरी लाट चपटी होते. म्हणून १२३ हा आकडा काटेकोर धरू नका.

आणि पाठपुरावा सोडू नका. शिकागोत तरुण आणि मध्यमवयीन नोकरदारांचा सुमारे ३१ वर्षं पाठपुरावा झाला, २०१५ साली छापून आला. त्यात फक्त वरचा आकडा वाढलेल्यांनाही पुढे हृदयविकाराचा धोका जास्त दिसला. त्यांचं सेंट्रल मोजलेलं नव्हतं, पण एका रिपोर्टवर निर्धास्त होणं मला पटत नाही. २४ तासांचं बीपी करून घ्या. आणि मुलाच्या दंडाचा घेर किती?

औषधवाला_सांगली:
सेंट्रलला महत्त्व का, तर २००६ चा 'कॅफे' अभ्यास बघा. अटेनोलॉल आणि अॅम्लोडिपिन या बीपीच्या दोन गोळ्यांच्या गटांत दंडाचं बीपी जवळजवळ सारखं, पण सेंट्रलचा वरचा आकडा अॅम्लोडिपिनवाल्यांत ४.३ ने कमी.

नाशिकची_आई:
घेर ३४ सेंटिमीटर भरला. घरच्या पट्ट्यावर २२–३२ लिहिलंय.

कॅथलॅब_पुणे:
मग घरचे आकडे बाजूला ठेवा. पट्टा लहान पडला की बीपी जास्त दिसतं. ३२–४२ चा पट्टा घ्या. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं बसल्यावर मोजा. सेंट्रलच्या वेळी कोणता पट्टा होता ते लॅबला फोन करून विचारा. मध्यम निघाला तर डॉक्टरांना सांगा आणि २४ तासांचं मोठ्या पट्ट्यानेच करून मागा.