मदत हवी आहे: बांधावरचं आस्कंद आईला द्यावं का?

नमस्कार मंडळी,

आमची कोरडवाहू जमीन माण तालुक्यात आहे. बांधावर आणि उकिरड्याकडेला ढोरगुंज, म्हणजेच आस्कंद, माजलेली असते. कमरेएवढं झुडूप, पानांवर पांढुरकी लव, आणि आता थंडीत कागदी आवरणाच्या आत लालभडक फळं. कृषी सहायकांनी बघून ही अश्वगंधाच असं सांगितलंय, त्यामुळे ओळखीचा प्रश्न मिटला आहे.

काकांनी मुळं खणून आईसाठी वाळत घातली आहेत. आईचं वय ७१, झोप कमी, गुडघे धरलेले. काकांचा हट्ट असा की मुळीचं चूर्ण दुधात उकळून रोज रात्री द्यायचं. आमच्याकडे अशक्त माणसाला हे पूर्वापार देत आले आहेत. पण आई सकाळी थायरॉईडची गोळी घेते, तिथे माझं घोडं अडलंय.

दुसरं म्हणजे ही मुळं दोरीसारखी चिवट आहेत. दुकानातली आस्कंद पांढरी, पिठूळ, कटकन मोडते. दोन्ही एकच का?

आणि फळांचं काय? काकू म्हणते, ती चुरून टाकली की दूध फाटतं. इकडे पोरं चिरबोटी समजून तोंडात टाकतात. काल भाचीनेही एक खाल्लं. काही झालं नाही, पण जीव टांगणीला लागला. काकूने पानाला एरंडेल लावून, गरम करून आईच्या गुडघ्यावर बांधलंय, तेही चालू ठेवावं का?

"झाडपाल्याने काही होत नाही" अशी उत्तरं कृपया नकोत, ती घरात भरपूर मिळाली.

रानवाट: जात एकच. बाजारातला बराचसा माल मध्य प्रदेशातल्या मंदसौर-नीमच पट्ट्यातल्या लागवडीचा. पावसाळ्यात पेरतात आणि जानेवारी ते मार्चमध्ये पानं वाळून फळं लाल झाली की उपटतात. एका हंगामाची कोवळी मुळी, म्हणून पिठूळ. बांधावरचं झुडूप कैक वर्षांचं, त्याची मुळी लाकूड झालेली. काकांना सांगा, औषधच करायचं तर बी पेरा.

वैद्यबाई: मी आयुर्वेदाचीच डॉक्टर आहे, तरी सांगते, आत्ता देऊ नका. अश्वगंधेने थायरॉईड हार्मोन वाढू शकतं. वर गोळी चालू असेल तर धडधड, हातांना कंप, आणि झोप आणखी उडणार. आपल्या ग्रंथांत चूर्णाची मात्रा ३ ते ६ ग्रॅम आहे, पण ती माणूस बघून ठरते, डब्यातला चमचा बघून नाही. झोपेची, बीपीची किंवा साखरेची गोळी असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. काही जणांच्या यकृताला इजा झाल्याचीही नोंद आहे. डेन्मार्कने २०२३ मध्ये यावर बंदीच घातली. मला ती बंदी टोकाची वाटते, पण कावीळ होऊन गेलेल्यांना आणि गरोदर बायकांना मी देत नाही.

काकूंचं खरं आहे, दूध फाटतं. दुकानात त्यासाठी पनीर डोडा मिळतो, ते या झाडाच्या भावंडाचं फळ. पण पोरांना फळ खाऊ देऊ नका, ओकारी-जुलाब होऊ शकतात. पिकलेली चिरबोटी पिवळसर असते, लालभडक नसते, एवढं त्यांना शिकवा. वेलीवरची लाल-काळी गुंज मात्र जहाल विष, नावात गुंज आहे म्हणून गल्लत नको.

पान बाहेरून बांधायला हरकत नाही, खाज आली तर सोडा. पोटात मात्र पानं नकोत. २०२१ मध्ये आयुष मंत्रालयानेही पानांऐवजी मूळच वापरा असं उत्पादकांना कळवलं होतं.

धागाकर्ती: दोघांचेही आभार. पुढच्या महिन्यात आईची टीएसएच (थायरॉईडची रक्त) तपासणी आहे, तेव्हा डॉक्टरांना मुळीबद्दल विचारते. तोवर पान चालू, चूर्ण बंद. हे काकांना कोणी सांगायचं, त्यासाठी वेगळा धागा काढावा लागेल.