उत्तर: उन्हाळ्यात मासे जातात कुठे?
वरती एकाने लिहिलंय की मेळघाटातल्या नाल्यांमधे मे महिन्यात मासेच उरत नाहीत. तसं नाही भाऊ. आपण नागपूरवाले जातो तेच मुळात उन्हाळ्याच्या सुट्टीत, पुलावरून तिथली सिपना नदी पाहतो, दगडच दगड दिसतात, झालं मत तयार! धार तुटते पण डोह राहतात अन् सगळी गर्दी तिथेच होते, म्हणजे मे मधे एकाच डोहात जाळं टाकलं तर प्रजाती भरपूर सापडतील अन् तोच हिशोब पावसाळ्यात फसेल, कारण पूर आला की बरेच मासे अंडी द्यायला वर चढतात, पांगतात. मळ्या नावाचा मासा बघा कधी जवळून, तोंडाखाली चकती असते, तिच्या जोरावर धारेतल्या दगडाला चिकटून शेवाळ खरवडत बसतो. महसीर या मोठ्या माशाला मात्र उन्हाळ्यात खोल डोहच लागतो. हिमालयात मासे जागा बदलतात त्याचं कारण वेगळं, तिथले स्नो ट्राउट मासे थंडीपायी हिवाळ्यात खाली उतरतात. त्यामुळे एकाच सीझनच्या सर्व्हेवरून माशांची यादी करणं मला तरी पटत नाही. अन् डोहात ब्लीचिंग पावडर टाकून मासे मारणारे तर, काय बोलावं, मे मधे असा एक डोह गेला की त्या नाल्याचं बियाणंच जातं.