मदत हवी आहे: गाय कडबा निवडून टाकते, फॅट २.९ वर आलंय

गोरेगाव पूर्वेला, आरेत आमचा लहानसा तबेला आहे. नऊ म्हशी, आणि सासऱ्यांच्या हौसेची एक एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाय. म्हशींची तक्रार नाही, गाईने मात्र डोकं खाल्लंय. दूध १४ लिटर, पूर्वीइतकंच. पण आठवड्यात फॅट ३.८ वरून २.९ वर. ३.५ च्या खाली गेलं की दर पडतो.

गव्हाणीत कडबा आणि वर पेंड-चुनी टाकली की ही नाकाने ढुशी देऊन खड्डा करते, खुराक चाटूनपुसून खाते आणि दांडे कडेला सारते. पोह्यांतल्या मिरच्या काढाव्यात तसे! शेण पातळ आहे. दुपारी बसते, पण तोंड फारसं हलत नाही.

रोजचं खाणं: ओलं पॅरा गवत २० किलो, कडबा ४-५ किलो, खुराक ७ किलो, दोन धारांना विभागून. हिशोब नेहमीचाच, अंगाला दीड किलो आणि लिटरमागे ४०० ग्रॅम. म्हशींनाही हाच कडबा, पण यंदाचा जरा जाड आलाय. ती फाटकापाशी असते, त्यामुळे पितृपक्षात लोक पानं ठेवून जातात ते वेगळंच. कडबा बदलू का?

प्रतिसाद
ताई, कडब्याला दोष देण्याआधी ती पानं मोजा. भात, खीर, वडे एकदम पोटात गेले की कोटीपोटात (गाईच्या पहिल्या, मोठ्या पोटात) आम्ल वाढतं; फॅट पडतं, शेण पातळ होतं. म्हशी तोच कडबा खाऊन ठणठणीत आहेत ना?
कडब्याची कुट्टी करा, तुकडे इंचभर, भुगा नको. पाणी शिंपडून खुराक तिच्यात कालवा, मग निवडता येणार नाही. ७ किलो चार वेळा विभागून द्या. बसल्यावर एका घासाला किती वेळा चावते तेही मोजा, ५०-६० हवं. खायचा सोडा डॉक्टरांना विचारूनच. पोट फुगलं किंवा खाणं सोडलं तर लगेच बोलवा.

धागाकर्ती
मोजलं. रवंथ ३४. आणि सकाळी अकरापर्यंत सात पानं! सासरे म्हणाले, पुण्याचं काम आहे, नाही कसं म्हणायचं? म्हणून गाय मागे नेली आणि फाटकापाशी म्हैस बांधली. एक काका आले, म्हशीकडे बघत उभे राहिले आणि पान घेऊन परत गेले.