सिरीज सर्किटमध्ये व्होल्टेजची बेरीज जुळत नाही, मदत हवी आहे

विटेकर: मुलगी नववीत आहे. धाराविद्युत धड्यातली एकसर जोडणी घरी करून बघतोय. ९ व्होल्टची बॅटरी, दोन सारखे रेझिस्टर एकापुढे एक. बॅटरीवर ९.२ येतात, पण एका रेझिस्टरवर ३.०६ आणि दुसऱ्यावर ३.०७. उरलेले तीन व्होल्ट गेले कुठं? करंट बघायला गेलो तर नुसतं ००.०. मीटर नवा आहे, सांगलीतून आणलाय. परवा तिला वर्गात दाखवायचंय, लवकर सांगा.

कराडचा वायरमन: फ्यूज उडालाय. करंटवर ठेवून मीटर थेट बॅटरीला लावला असणार. मागचे स्क्रू काढा, आत काचेचा फ्यूज असतो तो बदला. नाहीतर क्लॅम्प मीटर घ्या, तो वायरभोवती चिमट्यासारखा लावायचा, वायर तोडायचं कामच नाही.

कृष्णाकाठ: साध्या क्लॅम्पवर फक्त एसी, म्हणजे घरच्या लाईनीतला करंट दिसतो, बॅटरीचा करंट दिसणारच नाही. आणि बहुतेक मीटरमध्ये फ्यूज उडाला तरी व्होल्टेज बरोबरच येतं. विटेकर, रेझिस्टर किती ओहमचे? मीटर कुठला? करंट कुठल्या रेंजवर बघितला?

विटेकर: लिहिलंय ना, दोन्ही सारखे आहेत. मीटर डीटी ८३०, रेंज २०० मिलिअँपिअर.

तासगावकर: आमच्या द्राक्षबागेच्या मोटरला संध्याकाळी ३४० च्या वर व्होल्टेज येत नाही, स्टार्टर पडतो. ते कसं तपासायचं?

सातारचे सर: बॅटरी उतरली असेल. भार आला की व्होल्टेज पडतं. मी तर म्हणतो रेझिस्टर सोडा, टॉर्चचे दोन बल्ब लावा. पोरांना उजेड कमी झालेला डोळ्यांनी दिसतो, तो धडा विसरत नाहीत.

कृष्णाकाठ: सर, बल्ब चांगलेच, पण प्रश्न तो नाही. विटेकर, सर्किट जोडलेलं असताना बॅटरीवर किती? आणि रेझिस्टरवरचे रंगीत पट्टे सांगा.

विटेकर: तरीही ९.२ च. तपकिरी, काळा, हिरवा, सोनेरी. दुकानदारानं दिले ते घेतले.

कृष्णाकाठ: इथंच आहे सगळं. हे १० लाख ओहमचे, म्हणजे १ मेगाओहमचे आहेत. तुमच्या मीटरचा स्वतःचा रोधही (करंटला होणारा अडथळा) व्होल्टेजच्या रेंजवर साधारण तेवढाच असतो. मीटर रेझिस्टरला समांतर लागला की तिथला रोध निम्मा होतो, ०.५ मेगाओहम. पुढचा १ तसाच. मग ९.२ चा एक तृतीयांश, ३.०७. दुसऱ्यावर मोजताना पुन्हा तेच. व्होल्ट कुठं गेले नाहीत, मीटर लावला की सर्किटच बदलतं.

करंटही बघा: ९.२ भागिले २० लाख, म्हणजे ४.६ मायक्रोअँपिअर. २०० मिलिअँपिअरच्या रेंजवर ००.० च दिसणार.

खात्री करायची तर बॅटरी, एकच रेझिस्टर आणि व्होल्टेजवर ठेवलेला मीटर असं तिन्ही एकामागोमाग जोडा. निम्मं व्होल्टेज आलं तर मीटरचा रोध १ मेगाओहम.

कराडचा वायरमन: म्हणजे मीटर चुकीचं दाखवतो? माझा असलाच मीटर रोज लाईनीवर बरोबर दाखवतो.

कृष्णाकाठ: दादा, लाईनीचा रोध अगदी कमी, तिथं मीटरनं काही फरक पडत नाही. विटेकर, तपकिरी-काळा-लाल पट्ट्यांचे, १ किलोओहमचे दोन आणा. करंटसाठी २० मिलिअँपिअरची रेंज, आणि मीटर एकसरच जोडा. झालं की लगेच व्होल्टेजवर फिरवा, नाहीतर फ्यूज खरोखर उडेल.

विटेकर: बॅटरी, एक रेझिस्टर आणि मीटर एकामागोमाग जोडून बघितलं, ४.६ व्होल्ट आले, बरोबर निम्मे! नवे रेझिस्टरही आणले: ४.५९ आणि ४.६०, करंट ४.५८ मिलिअँपिअर. मीटर बॅटरीजवळ लावा, मध्ये लावा, शेवटी लावा, आकडा तोच. मुलीनं स्वतः तिन्हीकडं लावून बघितला. मनापासून आभार.

सातारचे सर: वर्गात दोन्ही जोड्या न्या. पहिल्या जोडीत बेरीज का जुळत नाही, ते तिलाच सांगू द्या.

तासगावकर: माझ्या मोटरचं?

कराडचा वायरमन: असला स्वस्तातला मीटर मोटरच्या पेटीत घालू नका, जिवावर बेतेल. वायरमनला बोलवा. मोटर बंद असताना आणि चालू असताना, तिन्ही फेजच्या दोन-दोन तारांत व्होल्टेज बघायला सांगा. बंद असताना चांगलं आणि चालू केल्यावर फार पडत असेल तर केबल बारीक आहे किंवा कुठंतरी जोड सैल आहे. बंद असतानाही ३४० च असेल तर मागून लाईनच कमी येतेय.