निर्यातीची आकडेवारी: उद्योगाचा आकार आणि बीजकाचे चलन

प्रश्न: शिपिंग बिलांवरून (निर्यातीसाठी सीमाशुल्क विभागाकडे भरायची कागदपत्रे) सूक्ष्म, लघु, मध्यम आणि मोठ्या निर्यातदारांचा चलननिहाय वाटा काढायचा आहे. बिलांची उद्योगाच्या आकाराच्या नोंदींशी जोडणी कशावर करावी?

उत्तर १: पॅनवर. नवा आयईसी (आयात-निर्यातदाराचा संकेतांक) म्हणजे पॅनच; जुने आकडी आयईसी आधी पॅनशी जुळवा. जीएसटीआयएनमधली (जीएसटी नोंदणी क्रमांकातली) ३ ते १२ ही अक्षरे पॅनचीच. पॅनचे चौथे अक्षर मालकीचा प्रकार सांगते: सी कंपनी, एफ भागीदारी, पी व्यक्ती. खरा धोका 'उद्यम'मध्ये, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या सरकारी नोंदणीत आहे. तिथल्या उलाढालीतून निर्यात वगळतात, म्हणून गुंतवणूक कमी असेल तर प्रचंड निर्यात करणाराही 'सूक्ष्म' दिसतो. एकूण उलाढालीवर वेगळा तक्ता कराच.

उत्तर २: व्यापारी निर्यातदार (दुसऱ्याचा माल घेऊन निर्यात करणारे) वेगळे काढा, नाहीतर कारखान्याचा माल व्यापाऱ्याच्या खात्यात जातो.

उत्तर ३: चलनाचा वाटा रुपयांतल्या एफओबी मूल्यावर (माल जहाजावर चढेपर्यंतची किंमत, पुढचे भाडे आणि विमा सोडून) काढा, बिलांच्या संख्येवर नको. सीमाशुल्काच्या दरपत्रकात येन आणि कोरियन वॉन यांचे दर १०० एककांचे असतात. १०० ने भागायचे राहिले तर आकडा शंभरपट फुगतो. आणि बीजकाचे चलन म्हणजे पैसे ज्या चलनात आले ते नव्हे. दोन्ही एका रकान्यात मिसळू नका.